बायेच्या डोंगराचं तीर्थ

५ नोव्हेंबर, मंगळवार

देवी सातेरी, लिहिते ते खरं लिहू दे.

पतसंस्थेने गेल्या वर्षी दिलेली डायरी कोरीच पडली होती. टाकायची कशाला? वार खोडून नवे लिहिले. घरखर्चाची वही वेगळी आहे, तिच्यात पोह्यामिठाशिवाय काही येत नाही. इथे आमच्या नव्या धंद्याचं लिहीन.

गौरेश किनाऱ्यावरच्या हॉटेलातली नोकरी सोडून गणपतीपासून घरी आहे. मालकाने काढला की याने सोडली ते तो सांगत नाही, मी विचारत नाही. काल जेवताना म्हणाला, "आई, लोकांक दर्याचो वीट आयलो. तांकां आता डोंगर जाय. सकाळी दिवचलच्या बाजारातून चलत निघायचें, सडो चढायचो, मयेचें तळें वयल्यान दाखवायचें. फराळ तुजो."

मी म्हटलं, "डोंगर चढायला पैसे कोण देतो रे? आम्ही लाकडं आणायला फुकट चढत होतो."

हे हसले. खाण बंद पडल्यापासून जनेलाजवळच्या खुर्चीत खिडकीबाहेर बघत बसून असतात, पाठीचं दुखणं आहेच. पुष्कळ दिवसांनी हसले म्हणून मी पण हो म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वाटा आखायला बसलो. गौरेश पेन्सिलीने डोंगर काढत होता आणि हे खोडत होते.

"हो ना आता," हे म्हणाले. म्हणजे हा डोंगर आता नाही.

"बाबा, होय ना?" गौरेशने पुढच्यावर बोट ठेवलं, हाही नाही?

"होय ना. आनी हो आर्दो आसा. फाटल्यान गेल्यार मात दिसना." मागून गेलं तर अर्धाही दिसत नाही.

गौरेश म्हणाला, "मगे लोकांक चडोवपाचें खंय?" तिघंही हसलो, पण पानाकडे बघितलं तर खोडाखोडीच जास्त. डोंगर होते तिथे आता सगळीकडे पाणी. खणलं, सोडलं, भरलं. गौरेश म्हणतो फोटोत तेच पाणी सुंदर दिसतं.

मग माझ्या माहेरचा बायेचा डोंगर आला, बाजारापासून दीडेक तासाच्या वाटेवरचा. यांनी पेन्सिल खाली ठेवली. तो खोडायची वेळ आली तेव्हा हात पुढे झाला नाही. तो यांच्याच मशीनने गेला. लग्न झालं तेव्हा हे तिथेच कामाला होते.

त्या डोंगरावर बायेची, आमच्या डोंगरातल्या देवीची, झर होती. लहानपणी आम्ही जायचो तर वडाच्या मुळाशी व्हाणा काढून ठेवायच्या, अनवाणी उतरायचं, ओंजळभर तीर्थ घ्यायचं, मगच लाकडाला हात लावायचा. पायात घालून कोणी झरीकडे गेलं तर आजी ओरडायची, "बाय बघता गो!" डोंगर गेला तेव्हा कंपनीने बायेचा पाषाण रस्त्याकडेला सिमेंटच्या देवळात नेऊन ठेवला. झर कोण नेणार?

१० नोव्हेंबर, रविवार

आज मी स्वतः वाट चालून आले. गौरेशबरोबर बाजारातून निघाले, पोदेराकडचे दोन उंडे पाव पदरात बांधून. सडा चढताना गुडघ्यांनी त्रास दिला, पण मयेचं तळं वरून दिसलं आणि बरं वाटलं. तिथून पुढे माहेरच्या वाड्याला वळसा घालून जिथे डोंगर होता तिथे गेलो. काठावर जुना वड तेवढा राहिला आहे.

इतकी वर्षं मी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. माझ्याने बघवलं नसतं.

आणि खाली पाणी! लाल मातीच्या मोठमोठ्या पायऱ्या उतरत गेलेल्या आणि तळाला हिरवंगार, स्वच्छ, हलत नाही असं पाणी. मी मटकन बसले. गौरेशला वाटलं मला चक्कर आली. म्हटलं, "अरे, झर बुजली नव्हती. ती वाट बघत होती. डोंगर काढला तरी बाय इथेच आहे."

भावजय शेवंती वाड्यावर भेटली, ती पण म्हणाली, मे महिन्यात विहिरी आटतात पण हे आटत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, बायेने पाणी परत दिलं, तुमच्यावरचा दोष गेला. यांनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, "ती खाणीची खण आसा गो. पावसाचें पाणी."

"पावसाचं पाणी आटतं."

"इतकें खोल आटना. कड मोव आसा, माती भुसभुशीत, पाय दवरलो की गेलो. लोकांक वयल्यानच दाखयात."

यांचा देवावर पहिल्यापासूनच कमी विश्वास. असता तर ते मशीन चालवलं असतं का?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल तुळशीचं लग्न झालं. आज सिमेंटच्या देवळात जाऊन बायेला नारळ ठेवला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं: परगावचे लोक तुझ्या दारात येतील, त्यांचं चुकलंमाकलं पदरात घे, माझ्या पोराला बरकत दे.

गौरेशशी मात्र थोडं वाजलं. मी म्हटलं, लोक तिथे आले की वरच्या वडापाशी बूट काढतील, खाली उतरून तीर्थ घेतील, मग मी फराळ वाढीन. तो म्हणाला, "आई, ट्रेकाक लोक बूट घालून येतात, काडपाक न्हय." मी म्हटलं, मग तुझा ट्रेक तुझ्यापाशी, माझा फराळ माझ्यापाशी. शेवटी हसून मान हलवली त्याने. सून घरात येत नाही तोवर माझंच चालणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी झाली! पणजीचं एक कुटुंब आणि पुण्याचे दोन मित्र. मी रिक्षाने पुढे जाऊन वडाखाली चादर पसरली. पातळ भाजी, उंडे, चहा, नाचणीचे लाडू.

पुण्याच्या एकाला बूट काढायचा कंटाळा होता. पण ओंजळ भरून वर आला तेव्हा डोळे ओले होते त्याचे. म्हणाला, "काकू, इतकी वर्षं ट्रेक करतोय, असं कुणी पाणी दिलं नव्हतं." गौरेशने त्याचा फोटो कुठे कुठे टाकला. रात्रीपर्यंत पुढच्या रविवारची विचारणा आली.

बायेला उदबत्ती लावली.

८ डिसेंबर, रविवार

गर्दी वाढली. फोनवर आता मयेच्या तळ्याचं कोणी विचारत नाही, "ते तीर्थ आहे ना?" हेच विचारतात.

आज एक पोरगा घसरून ढोपरावर बसला, खरचटलं. उठून हसला आणि वर आला. गौरेशचा चेहरा मात्र उतरला होता. संध्याकाळी बाजारातून जाडा दोर घेऊन आला, वडाला बांधून खाली सोडायचा म्हणाला.

मी म्हटलं, "बायेच्या पायाशी दावं बांधणार? गुरं आहेत का?"

"आई, तें पाणी आसा."

"तीर्थ आहे."

हे जनेलाकडून म्हणाले, "घाल रे दोर." मी यांच्याकडे बघितलंच नाही. दोर पडवीत आहे. मार्गशीर्ष चालू आहे, मनात राग धरून संध्याकाळची पूजा केली त्याचं वाईट वाटतंय.

२२ डिसेंबर, रविवार

आज लिहवत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

लिहून टाकते. डोक्यात फिरतंय ते थांबेल.

औषधाच्या कारखान्यातल्या चार मुली आल्या होत्या, इथेच औद्योगिक वसाहतीजवळ खोली घेऊन राहतात. बरोबर मडगावचं एक जोडपं. मुलींमधली प्रतीक्षा चंदगडकडची. गोरी, बारकी, तोंडाची फार बोलकी. वडाखाली येताच उंडा उचलून म्हणाली, "काकी, आमच्याकडं ह्येला पाव न्हाई म्हणत, दगड म्हणत्यात." मी म्हटलं, चहात बुडव मग बघ. बुडवला, खाल्ला, दुसरा घेतला. मैत्रिणी म्हणाल्या, दगड गोड लागला वाटतं.

बाकीचे तीर्थ घेऊन वर आले. ती मागे राहिली होती.

"काकी, मी हितनंच हात जोडते. मला पाण्याचं लई भ्या वाटतंय."

मी म्हटलं, "तीर्थाला कसली भीती गो? बायेकडे येऊन तशीच जाणार? बूट काढ, मी आहे ना."

तिने बूट काढले. मोजे आत नीट घालून ठेवले. मी वरून बघत होते. खाली जाऊन दोन्ही हात पुढे केले आणि तिच्या पायाखालची माती गेली. ओरडली नाही. पाणी वर उडालं तेवढंच. मला आधी वाटलं बुडी मारली.

गौरेशने उडी घातली. परत परत खाली गेला. मडगावच्या माणसाने त्याला केसांना धरून बाहेर ओढला, नाहीतर तोही राहिला असता. अग्निशामक दलाच्या माणसांनी तिला सोमवारी काढलं.

बाये, तुझ्या दारात. तू होतीस ना तिथे?

२७ डिसेंबर, शुक्रवार

गौरेशला पोलिसांनी परवा ठेवून घेतला, फेरी त्याने काढली म्हणून. आज डबा घेऊन गेले. बाकावर बसला होता, दाढी वाढलेली. हळू म्हणाला, "आई, हांवें जबाब दिला. बूट काडून सकयल पाण्याकडेन वचपाक हांवेंच सांगलें म्हूण."

"तू कुठे सांगितलंस? तू तर वर फोटो काढत होतास."

"तूं थंय नाशिल्ली. तूं रिक्षेंत आशिल्ली. समजलें?"

मला काही समजलं नाही. धक्क्याने विसरला असेल. मी वडाखालीच होते, भाजीचं पातेलं माझ्यासमोर होतं. घरी येऊन यांना विचारलं, हा असं का बोलतो? हे उठून परसात गेले.

संध्याकाळी शेवंती आली. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "वन्सं, वाड्यावर लोक म्हणतात ती पोर बाहेरची होती, पाळीची. तशी झरीवर उतरली. बाय कशी सोडणार?"

मी म्हटलं, कोणाला माहीत? ती म्हणाली, नाहीतर बाकीचे सगळे सुखरूप कसे? त्याच पाण्यात तिच्याआधी कितीजण उतरले.

हे खरं असू शकतं. म्हणूनच ती नको म्हणत होती. तिने मला सांगायला हवं होतं, मीच नको म्हटलं असतं. शेवंती गेल्यावर जरा बरं वाटलं. पेज पोटात गेली.

३० डिसेंबर, सोमवार

जामीन झाला, पोर घरी आलं. देवाला पेढे ठेवू म्हटलं तर हे म्हणाले, "पेढे?" नाही ठेवले.

जेवताना मी शेवंतीचं म्हणणं सांगितलं, गौरेशला आधार वाटेल म्हणून. त्याने भाताचं ताट सरकवलं. हे म्हणाले, "हांवें तुका सांगिल्लें." इतकंच. मला राग आला. म्हटलं, खणलं कोणी? यांनी ताटातच हात धुतला.

५ जानेवारी, रविवार

तिची आई आली. कमल नाव. तेरावं झाल्यावर दोडामार्गाच्या गाडीने एकटीच. स्टँडवरून विचारत विचारत घरी पोचली. मी दार उघडलं तर म्हणाली, "ह्योच का त्यो डोंगर दावणाऱ्याचं घर?"

चहा दिला, घेतला नाही. पाणी घेतलं. "ताई, मला ती जागा दावा. भांडाय आल्याली न्हाई."

गौरेश रिक्षा घेऊन आला. वाटभर ती बाहेर बघत होती. वडाखाली उतरलो, तिथे आता पोलिसांनी पट्टी लावली आहे, ती एका बाजूने तुटून लोंबते. कमलने तिचं टोक हातात घेतलं.

मग म्हणाली, "एक इचारू? ती खाली गेली कशी? लहानपणी विहिरीत पडली हुती ती. तवापास्नं बादली बी वढायची न्हाई, मीच वढायची. पावसात वढा आला तर शाळा बुडवायची. ती आपणहून पाण्यापाशी गेली, ह्ये माझं मन घेत न्हाई. कुणी पाठवलं?"

मला शेवंतीचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. आईजवळ सांगायचं, कमल, तुझी पोर बाहेरची होती. जीभ उचलली नाही.

गौरेश म्हणाला, "मी सांगितलं, मावशी. माझी चूक."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू उडी मारलीस म्हणत्यात."

त्याने मान खाली घातली.

"बरं." ती म्हणाली. "शनवारी फोनवर सांगत हुती, आई, उद्या तीर्थाला जातोय, तुझ्या गुडघ्यासाठी बाटलीत भरून आणते, आसं. मला बी वाईच घेऊ दे. माझ्या पोरीचं शेवटचं पाणी ते." आणि तिने पट्टीखालून पलीकडे जाऊन वाकून पायातल्या चपला काढल्या.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "नको! उतरू नको! ते तीर्थ नव्हे, खण आहे ती!" धावत जाऊन तिचा दंड धरला, दोघी लाल मातीत बसलो.

गौरेश म्हणाला, "आई."

कमल माझ्याकडे बघत राहिली. मग चपला घातल्या, एक एक करून, आणि चालायला लागली.

परत रिक्षाने बाजारात आलो. तिला स्टँडवर सोडायला मी गेले, गौरेशला घरी पाठवलं. बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "ती काय म्हणाली हुती? तुम्हाला?"

"पाण्याची भीती वाटते म्हणाली. इथूनच हात जोडते म्हणाली."

"आणि तुम्ही?"

मी सांगितलं. जसं बोलले होते तसंच सांगितलं, शेवटचं "मी आहे ना" पण.

तिने पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. गाडीला उशीर होता. मी उठले नाही, उठावं असं वाटलंही नाही. गाडी आली तेव्हा ती चढली आणि खिडकीची जागा सोडून आतल्या बाजूला बसली.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी पोलीस स्टेशनात गेले. यांना सांगून गेले. यांनी पाठीला पट्टा बांधला आणि बरोबर आले.

हवालदाराने खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं: बूट काढायला मी सांगितलं, भीती वाटते म्हणाली तरी मी पाठवलं, दोर मी लावू दिला नाही, पोराचा जबाब खोटा आहे. तो ऐकत होता, लिहीत नव्हता.

"काकी, झील तुमचो एकुलतो?"

"हो."

"आमकां कळटा. दर केशीक एक आवय येता आनी म्हणता, हांवेंच केलें, म्हज्या भुरग्याक सोडात. घरा वचात."

मी म्हटलं, "पोराला सोडवायला आले नाही. त्या पोरीसाठी आले आहे. मी मॅट्रिक आहे, कागद द्या, मीच लिहून देते."

"तुमच्या झिलान सही करून जबाब दिला. तुमी रिक्षेंत आशिल्ल्यात. पोलिसांक फटोवप जायना, काकी." फसवू नका म्हणताना तो रागावला नव्हता. मलाच समजावत होता.

हे पहिल्यांदा बोलले. "ती खरें सांगता."

हवालदाराने यांच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमी घोव न्हय? तुमी आनीक कितें म्हणटले?"

साहेब दुपारनंतर येतील असं हवालदार म्हणाला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. कारखान्यातल्या मुलींना विचारा म्हणून मी पुन्हा आत जाऊन सांगितलं, तर कळलं, त्या भिऊन गावाला गेल्या, एकीचाच फोन लागतो. तो नंबर हवालदाराकडे आहे. मी म्हटलं, लावा. उद्या लावू म्हणाला.

साहेब आले नाहीत. घरी आलो तर गौरेश दारात उभा. त्याला कोणीतरी कळवलं असणार. "आई, कित्याक गेली तूं? आतां आमकां दोगांकूय आंत ओडटले." रडत होता. लहानपणानंतर मी त्याला रडताना बघितला नव्हता. मी त्याला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर उद्या गेले नसते.

उद्या सकाळी परत जायचं आहे. साहेब येईपर्यंत बसायचं. यांच्यासाठी पेज आणि लोणचं डब्यात घालायचं, बाकावर बसून यांची पाठ दुखते, उशी पण न्यायची.

बायेकडे आज काही मागितलं नाही.